भोपळ्यातलं सत्य

मी आयुष्यात खोटं पुष्कळ वेळा बोललो आहे आणि त्यापासून मला कधी त्रास झालेला नाही. तीस वर्षं सरकारी कचेरीत कारकुनी केली. 'साहेब मीटिंगमध्ये आहेत', 'फाईल वर गेली आहे', 'आपल्या अर्जाचा विचार चालू आहे' ही वाक्यं मी इतक्या शांत चेहऱ्यानं उच्चारली, की निवृत्तीच्या समारंभात साहेबांनी माझ्या सचोटीवर दहा मिनिटं भाषण केलं. (तेही खोटंच बोलत होते. पण समारंभ छान झाला. सामोसे गरम होते.) चार माणसांदेखत, कोणी विचारलेलं नसताना, असं रोखठोक खरं मात्र मी एकदाच बोललो. ते विजयदुर्गच्या किल्ल्यावर. त्या एका सत्यानं माझी झोप उडवली ती पुढं एका भोपळ्यानं परत आणून दिली. त्या भोपळ्याची ही हकीकत.

तुम्ही म्हणाल, सत्याचा आणि भोपळ्याचा काय संबंध? संबंध फार जुना आहे. मराठी मुलाला खोटं बोलण्याचा पहिला धडा भोपळ्यातच मिळतो. लेकीकडे निघालेली ती म्हातारी आठवा. वाटेत वाघ भेटतो, कोल्हा भेटतो, आणि ही बाई दोघांनाही सांगते, की आधी लेकीकडे जाते, तूपरोटी खाऊन जाडजूड होऊन येते, मग मला खा. परतताना भोपळ्यात बसून पसार! चार वर्षांचे असताना ही गोष्ट ऐकून आपण टाळ्या पिटतो. 'पण आजी, म्हातारीनं वाघाला दिलेला शब्द मोडला' अशी हरकत आजतागायत एकाही पोरानं घेतल्याचं माझ्या ऐकिवात नाही. तेच पोर पुढं शाळेत जातं, 'नेहमी खरे बोलावे' हा सुविचार दहा वेळा वहीत उतरवतं, आणि उतरवायचा राहिला तर त्याला मिळतो तोही भोपळाच.

आता आधी किल्ला. आमचं मूळ घर विजयदुर्गला आहे. चिऱ्याचं घर, पुढं अंगण, मागं माड, आणि त्या घराची राखण करणारी आमची काकी. वय अठ्ठ्याहत्तर, दात पाच, आवाज बंदरापर्यंत. वाघोटन खाडीच्या तोंडाशी, तीन बाजूंनी समुद्र अंगावर घेऊन आमचा किल्ला उभा आहे. शिवाजी महाराजांनी तो आदिलशहाकडून घेतला, आंग्र्यांनी तिथून भल्याभल्यांच्या जहाजांना पाणी पाजलं आणि १७५६ साली तो इंग्रजांच्या हाती पडला. एवढा इतिहास एखाद्या गावाला पुरेसा झाला असता. पण आमच्या गावाचा हक्क जमिनीवर आणि समुद्रावर संपत नाही. तो थेट सूर्यापर्यंत जातो.

किल्ल्यात काही दगडी चौथरे आहेत. त्यांना म्हणतात 'साहेबाचे ओटे'. १८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास सूर्यग्रहण झालं, त्या वेळी नॉर्मन लॉकियर नावाच्या साहेबानं या ओट्यांवर दुर्बीण लावली आणि सूर्यावरचा हेलियम वायू शोधून काढला, असं आमचा गाव मानतो. अलीकडे दर वर्षी १८ ऑगस्टला किल्ल्यावर हेलियम दिनही साजरा होतो. आणि ही कथा गावात ज्यांच्या तोंडून ऐकावी असे एक मास्तर आहेत. ऐंशीच्या घरातले, निवृत्त, पांढरी टोपी, बगलेत बारा महिने छत्री. गेली चाळीस वर्षं मास्तर किल्ल्यावर येणाऱ्याजाणाऱ्याला एक पैसा न घेता ही कथा सांगत. शाळेची सहल आली, की पोरांना एकेक करून ओट्यावर उभं करत आणि म्हणत, "बघ वर. इथनं एका माणसानं वर बघितलं आणि सूर्याच्या पोटातली गोष्ट ओळखली. तू काय बघतोस?" पोरं बापडी मान वर करून बघत. काहींना घार दिसे, काहींना विमान, पण मान वर झालेली असे.

गेल्या वर्षीच्या मे महिन्यात मी आंबे खायला म्हणून गावी गेलो होतो. सकाळी किल्ल्यावर फिरायला गेलो तर कॉलेजची वीसपंचवीस मुलं ओट्यांभोवती उभी आणि मधे मास्तर. कथा रंगात आलेली. आणि मला, मुंबईहून येताना रेल्वेत हेलियमवर एक पुस्तक वाचून आलेल्या माणसाला, राहवलं नाही.

मी म्हणालो, "मास्तर, एक दुरुस्ती. १८६८ सालच्या ऑगस्टात लॉकियर इथं नव्हताच. तो इंग्लंडात होता."

पुस्तकात वाचलेलं सगळं मी तिथं ओतलं. १८६८ च्या ग्रहणात जान्सेन नावाचा फ्रेंच शास्त्रज्ञ आंध्रात गुंटूरला होता. ग्रहणात सूर्याच्या कडेनं दिसणाऱ्या ज्वाळांचा उजेड इतका लख्ख दिसला, की त्या बघायला ग्रहणाची गरजच नाही, हे त्याच्या लक्षात आलं. तीच युक्ती लॉकियरलाही स्वतंत्रपणे सुचली होती आणि त्याच वर्षी २० ऑक्टोबरला त्यानं इंग्लंडातूनच, ग्रहणाबिहणाची वाट न बघता, त्या ज्वाळांचा वर्णपट बघितला. त्यात एक पिवळी रेघ होती. ती पृथ्वीवरच्या कुठल्याच ओळखीच्या पदार्थाशी जुळेना. तेव्हा हा सूर्यावरचा नवा पदार्थ असणार असं ठरलं, आणि ग्रीक भाषेतल्या सूर्यावरून त्याचं नाव ठेवलं हेलियम. पदार्थ पृथ्वीवर हाती लागला तो १८९५ मध्ये, विल्यम रॅमसे या शास्त्रज्ञाच्या. म्हणजे बारसं आधी आणि बाळ सत्तावीस वर्षांनी. आणि हा लॉकियर त्या वेळी पोटापाण्यासाठी लंडनच्या वॉर ऑफिसात कारकून होता! ही गोष्ट मी जरा जास्तच ठासून सांगितली. कारकुनाला सूर्यावरचा वायू सापडतो; मला तीस वर्षांत फायलींखाली झुरळं सापडली.

एका मुलानं खिशातून मोबाईल काढला, बोट फिरवलं आणि जाहीर केलं, "हो, काका बरोबर सांगतायत."

त्या वेळी मला किती आनंद झाला म्हणून सांगू! मास्तरांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "असेल," म्हणाले. मग एका पोराकडे घोटभर पाणी मागितलं, प्यायले, छत्री उघडली आणि उतरून गेले. मी विजयी मुद्रेनं घरी येऊन दोन हापूस खाल्ले.

चार महिन्यांनी गणपतीला गेलो तेव्हा काकी म्हणाली, "मास्तरानी किल्ल्यार जावचा सोडल्यानी." सहज म्हणाली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. नारळ खवत होती, ती खवतच राहिली.

तेव्हापासून माझी झोप गेली. मी खरं बोललो होतो. तारखेसकट खरं. मग मला एखाद्या चोरासारखं का वाटावं? धर्मराजाची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. आयुष्यात एकदाच त्यानं अश्वत्थाम्याच्या बाबतीत सत्याला जरासं वाकवलं, तर त्याचा जमिनीवरून चार बोटं अधांतरी चालणारा रथ खाली टेकला. माझा रथ मुळातच एस.टी.चा, त्यामुळे तो जमिनीवरच काय, अधूनमधून खड्ड्यातही असतो. पण मी खरं बोललो त्या दिवशी तो चार बोटं वर उचलला जायला हवा होता की नको? तो चार बोटं आणखी रुतला. मी मनाशी ठरवून टाकलं, आपल्याला सत्य सोसत नाही. यापुढं कोणी काहीही विचारलं तर 'वा, छान' म्हणायचं.

आणि ही प्रतिज्ञा मोडायची वेळ डिसेंबरात, भोपळ्याचं रूप घेऊन आली.

माझ्या चुलतभावाची मुलगी, म्हणजे काकीची नात, ब्रिस्बेनहून सुटीत गावी आली. वय चौदा. मराठी रविवारच्या शाळेत शिकलेली असल्यामुळे पाठ्यपुस्तकासारखं बोलते. आल्याआल्या तिनं माळ्यावरचे तांबडे भोपळे बघितले आणि जाहीर केलं, "मी सर्वांसाठी मसालेदार भोपळ्याचे स्कोन भाजणार आहे."

शेजारच्या वहिनींना ते 'इस्कॉन' ऐकू आलं आणि त्यांनी हात जोडले. मग स्कोन म्हणजे काय, यावर पडवीत एक बैठक झाली. पोरीनं समजावून सांगितलं: हा मूळचा स्कॉटलंडचा पदार्थ. पूर्वी तव्यावर भाजत, आता भट्टीत भाजतात. पाव नव्हे, बिस्किट नव्हे, दोघांच्या मधलं काहीतरी. पण त्यात भोपळा घालणं ही तिच्या क्वीन्सलंड राज्याची शान. तिथं फ्लो ब्येल्के-पीटरसन नावाच्या बाई होऊन गेल्या. मुख्यमंत्र्यांची बायको, पुढं १९८१ पासून स्वतः सिनेटर. २०१७ मध्ये वारल्या. त्या बाई राजकारणापेक्षा भोपळ्याच्या स्कोनसाठी जास्त प्रसिद्ध होत्या. राजकारणातल्या माणसाच्या हातचं लोक आवडीनं खातात, ही कल्पना पडवीतल्या कोणालाच चटकन पटली नाही.

काकीनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे घारगेच मा?"

"नाही आजी. घारगे तळतात. हे भाजतात."

"भोपळो तोच मा?"

"हो."

"मग घारगेच. तेल वाचवलेले."

भोपळा मुळात आपला की साहेबाचा, यावर मग थोडा वाद झाला. मी तोंड उघडणार होतो, कारण भोपळ्याची जात अमेरिकेतली आणि युरोपियनांच्या गलबतांतून जगभर पसरलेली, हे मला ठाऊक होतं. आणि तिच्या स्कोनमधली दालचिनी, सुंठ, जायफळ, लवंग हा सगळा ऐवज इकडून, आपल्या आणि त्या पलीकडच्या किनाऱ्यांवरून साहेबाकडे गेलेला. म्हणजे आमच्या घारग्यात त्यांचा भोपळा आणि त्यांच्या स्कोनात आमचा मसाला. कोणी कोणाला आपलं म्हणावं? पण मे महिन्यातलं पाणी मागणारे मास्तर आठवले आणि मी 'वा, छान' म्हणून गप्प बसलो.

सामान जमवताना मैदा मिळाला, लोणी घरचं होतं. बेकिंग पावडर मागितली तर नाक्यावरच्या दुकानदारानं आधी कॅरमची पावडर काढली. भोपळा काकीनं उकडून दिला. पोरीनं तो कुस्करला, मैद्यात थंड लोणी बोटांच्या टोकांनी चोळून घातलं, साखर, मसाला, अंडं घातलं. भोपळा घातल्यावर मात्र सगळं प्रकरण पातळ झालं. तिनं आणखी मैदा घातला. हात भरले. कंटाळली. तेव्हा मी, मदतीचा हात म्हणून, परात पुढं ओढली.

"काका, हे फार मळायचे नसते," ती म्हणाली.

मी हसलो. चाळीस वर्षं आमच्या घरी रविवारची कणिक मी मळतो. तीच काय ती माझी गृहकृत्यातली कीर्ती. मी बाह्या सरसावल्या आणि तो गोळा असा मळला, असा तिंबला, की परातीनं जागा सोडली. मऊसूत केला. वाटीनं गोल कापले, शिट्टी आणि रबर काढलेल्या कुकरमध्ये मीठ पसरून, ताटली ठेवून गॅसवर भाजले.

तासाभरानं जे बाहेर आलं ते बघून आधी कोणीच बोललं नाही. रंग सुरेख होता. वास तर असा होता, की शेजारचं पोर कुंपणाशी येऊन उभं राहिलं. पण पहिला स्कोन ताटलीत पडला तेव्हा 'ठण्' असा आवाज झाला. आमचं घर जांभ्या चिऱ्याचं आहे. मागच्या भिंतीत एक चिरा निसटला आहे, तिथं तो चपखल बसला असता.

पोर माझ्याकडे बघत होती. "काका, कसा झाला आहे?"

मी सर्व ताकदीनिशी एक तुकडा मोडला, तोंडात टाकला, डाव्या दाढेवरून उजव्या दाढेवर नेला आणि म्हणालो, "वा! छान. फारच छान. मऊ झालाय."

तिनं माझ्याकडे क्षणभर बघितलं. मग पाठ्यपुस्तकी मराठीत, अगदी शांतपणे म्हणाली, "काका, तुम्ही खोटे बोलत आहात." आणि परात उचलून आत गेली. आतून नाक ओढल्याचा आवाज आला.

म्हणजे पहा. सत्य बोललो तर म्हातारा माणूस किल्ला सोडून गेला आणि खोटं बोललो तर पोर चुलीपाशी रडायला लागली. माणसानं करावं काय? मी पडवीत बसून तो तुकडा चघळत राहिलो. (दुसरं काही करताही येत नव्हतं. तो संपतच नव्हता.) आणि चघळता चघळता मला एक वाईट शोध लागला. स्कोन चिवट झाला होता तो माझ्या मळण्यानं. मैद्याला जितकं तिंबावं तितका तो ताणला जातो. पोळीला ते हवं असतं, स्कोनला नको असतं. पोरीनं मला बजावलं होतं. मी 'छान' म्हणालो ते तिचं मन राखायला म्हणालो, अशी माझी समजूत होती. खरं तर मी माझी लाज राखत होतो. स्कोन वाईट झाला म्हटलं असतं, तर पुढचा प्रश्न 'का झाला?' हा आला असता.

आणि मग मे महिन्यातलं सत्य तरी कोणासाठी होतं? मास्तरांसाठी होतं? विज्ञानासाठी होतं? छे. रेल्वेत वाचलेलं पुस्तक चार पोरांपुढं मिरवायचं होतं. म्हणजे माझं खरंही माझ्यासाठी आणि माझं खोटंही माझ्यासाठी. मधल्या मधे भोगलं ते दुसऱ्यांनी.

एवढ्यात काकी मागीलदारातून आली. तिनं एक स्कोन उचलला, वाजवून बघितला, चहात बुडवला, बराच वेळ बुडवून ठेवला, मग चाखला. आणि आत जाऊन नातीपाशी बसकण मारली. मी दारातून ऐकत होतो.

"कडक झालेत," काकी म्हणाली. "माझे पाच दात रवलेत, ते ह्येच्यात घालवचे नाय."

पोर हुंदका देणार तेवढ्यात काकी पुढं म्हणाली, "पण वास बरो इलो. चव बरी आसा. भोपळ्यात पाणी रवला, थय चुकला. उकडूचो न्हय, निखाऱ्यात भाजूचो. आणि ह्या मेल्यान मळलो तसो मळूचो नाय. ऊठ. उद्या परत करूया. मी बसतंय तुझ्या वांगडा."

पोरीनं डोळे पुसले. ज्या वाक्याला मी भीत होतो तेच वाक्य काकीनं तिला, माझ्यापेक्षा चौपट मोठ्या आवाजात, सांगितलं होतं. तरी ती रडली नाही. का? मी रात्रभर विचार केला. काकी खरं बोलली, पण रिकाम्या हातानं बोलली नाही. आमच्याकडे कोणाच्या दारी रिकाम्या हातानं जात नाहीत. चार केळी तरी न्यावीत, निदान परसातला एखादा नारळ. खरं सांगायला जातानाच काय ती आपण ही रीत विसरतो. हात हलवत जातो, दुसऱ्याच्या घरातली एक वस्तू खोटी आहे म्हणून उचलून बाहेर फेकतो, आणि त्या जागी काहीही न ठेवता, छाती पुढं काढून परत येतो.

दुसऱ्या दिवशी काकीनं चूल पेटवली. भोपळ्याची फोड निखाऱ्यावर भाजली, तिचं पाणी आटलं, गर दाट झाला. तवसाचं धोंडस करायचा जुना जाड बुडाचा टोप तिनं माळ्यावरून काढला. खाली वाळू, वाळूवर ताटली. खाली निखारे आणि झाकणावरही निखारे, करवंट्यांचे. पोरीनं पीठ बोटांनी जेमतेम गोळा केलं, थापलं आणि कापलं. मला परातीपासून तीन हात लांब बसवलं होतं. पोर घड्याळ काढून बसली तर काकी म्हणाली, "चुलीक घड्याळ लागना नाय, नाक लागता." आणि खरोखरच, वासावर झाकण उघडलं. स्कोन फुगले होते, वर तांबूस, आत पिवळेधमक. मोडला तर भुसभुशीत तुटला. लोण्याबरोबर काकीनं दोन खाल्ले, पाचही दात शाबूत ठेवून.

"कसे झालेत?" पोरीनं मला विचारलं.

"मऊ झालेत. कालचे माझ्यामुळे कडक झाले होते."

"मला माहीत होते," ती म्हणाली आणि मला तिसरा दिला.

त्याच संध्याकाळी मी तालुक्याला जाऊन काही कागद छापून आणले. ते कागद म्हणजे मे महिन्यातल्या माझ्या सत्याचा उरलेला अर्धा भाग. मला तो तेव्हाही थोडाफार ठाऊक होता, पण मिरवण्याच्या नादात सांगायचा राहिला होता. लॉकियर १८६८ साली विजयदुर्गला नव्हता हे खरं. पण तो विजयदुर्गला आला होता! तीस वर्षांनी. २२ जानेवारी १८९८ ला पुन्हा खग्रास ग्रहण होतं, त्याची वाट आमच्या गावावरून जात होती. तेव्हा हेलियमचं नाव ठेवणारा हा माणूस, आता जगप्रसिद्ध 'सर' होऊन, 'नेचर' या नियतकालिकाचा संस्थापक संपादक म्हणून मान मिळवून, आपल्या किल्ल्यात येऊन राहिला. 'मेल्पोमीन' नावाची इंग्रजांची युद्धनौका मदतीला आली होती. तिच्यावरच्या खलाशांना त्यानं किल्ल्यात कवायत देऊन दुर्बिणी आणि कॅमेरे सांभाळायला शिकवलं होतं. जेमतेम दोन मिनिटांचा अंधार, आणि त्यासाठी सातासमुद्रांपलीकडून आलेला म्हातारा होत चाललेला माणूस. त्याचा अहवाल छापलेला आहे, त्यात गावाचं नावही आहे, जरा साहेबी उच्चारात: 'व्हिझियाद्रुग'.

डब्यात सहा स्कोन आणि हातात कागद घेऊन मी मास्तरांच्या घरी गेलो. जाताना माझे पाय कसे पडत होते ते काकीच्या कुत्र्याला विचारा. ते निम्म्या वाटेपर्यंत मला ढकलत आलं होतं.

"मास्तर," मी म्हणालो, "मे महिन्यात मी अर्धंच सांगितलं होतं. आणि ते अर्धंही सांगायची ती जागा नव्हती. चुकलो."

मास्तरांनी भिंग काढलं. एकेक कागद सावकाश वाचला. मधे एकदा थांबून बोट ठेवलं ते गावाच्या नावावर. मग भिंग खाली ठेवून म्हणाले, "म्हणजे साहेब आला होता."

"आला होता. मग ते ओटे त्याच मुक्कामाचे, असं मी धरतो."

मास्तर बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुला काय वाटतं, मला कळत नव्हतं? ऑगस्टात इथं सूर्य दिसतो का रे? श्रावणात आठ आठ दिवस समोरचा माड दिसत नाही. चाळीस वर्षं मनात खटकत होतं. पण ते काढून टाकलं तर त्या जागी पोरांना सांगायला माझ्याकडे होतं काय? पोरं मान वर करून बघायची. ती मान खाली घालवायचं माझ्या जिवावर येत होतं."

मी गप्प बसलो. ज्या माणसाला मी अडाणी समजून दुरुस्त करायला गेलो होतो, त्याला माझी दुरुस्ती माझ्या चाळीस वर्षं आधी ठाऊक होती. फक्त तो माझ्यासारखा रिकाम्या हातानं पोरांसमोर जायला तयार नव्हता. म्हणून तो खोटं बोलत राहिला, हे बरोबर झालं असं मी म्हणणार नाही. मास्तरही म्हणाले नाहीत. पण माझ्या खऱ्यापेक्षा त्यांचं खोटं मला त्या घटकेला थोडं स्वच्छ वाटलं, हे कबूल केलं पाहिजे.

"हे काय?" मास्तरांनी डब्याकडे बोट दाखवलं.

"साहेबाचा पदार्थ. आपल्या भोपळ्याचा."

मास्तरांनी एक खाल्ला. "घारगेच," म्हणाले.

आठ दिवसांनी किल्ल्यावर गेलो. एक सहल आली होती. ओट्यांभोवती पोरं आणि मधे पांढरी टोपी, बगलेत छत्री. "लोक तुम्हांला १८६८ सांगतील," मास्तर गर्जत होते, "मीसुद्धा चाळीस वर्षं तेच सांगत आलो. ते चूक. साहेब इथं आला तो २२ जानेवारी १८९८ ला! ऑगस्टात कोकणात सूर्य कुठला रे? डोकं चालवा!" पोरं खूष होती. एक मास्तर आपली स्वतःची चूक इतक्या जोरात सांगतो हे त्यांनी आयुष्यात बघितलं नसावं. एकेक पोर ओट्यावर चढून मान वर करत होतं.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्यात मास्तर पुढं म्हणाले, "आणि साहेबाला इथलं जेवण मानवेना, तेव्हा गावातल्या एका घरातून त्याला भोपळ्याचे घारगे पाठवले. ते त्याला इतके आवडले, की कृती लिहून घेऊन तो विलायतेला गेला. आज तिकडं लोक स्कोन म्हणून खातात ते तेच!"

मी दचकलो. पुढं झालो. तोंड उघडलं. मास्तरांनी छत्री सावरत माझ्याकडे बघितलं आणि मला शपथेवर सांगावं लागलं तरी मी सांगेन, की त्यांनी डोळा मिचकावला.

मी माझे हात बघितले. दोन्ही रिकामे होते. मी तोंड मिटलं आणि घारगे, म्हणजे स्कोन, उरलेत का ते बघायला घरी गेलो.